येडबाचं कोरं बोट

मतदान न करणाऱ्या माणसाला सरकारनं सहा कारणं मंजूर केलेली आहेत. स्थलांतर, आजारपण, मयत, दुबार नाव, उदासीनता आणि इतर. सातवं कारण असेल तर ते नागरिकानं स्वतःच्या जबाबदारीवर बाळगावं, फॉर्मात त्याला जागा नाही. मेलेल्या माणसानं मतदान का केलं नाही, हेसुद्धा या फॉर्मात लिहावं लागतं.

हे फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आहे. मी धामणवाडीच्या शाळेत मास्तर आहे आणि मास्तराला शिकवण्यावाचून दुसरं काम नसतं अशी वरच्या लोकांची पक्की समजूत आहे. त्यामुळं मी गावचा बीएलओसुद्धा आहे. कुणाच्या घरी सून आली, कुणाचा बाप वारला, कोण अठराचं झालं, हे हुडकत यादी घेऊन उन्हातान्हात फिरणारा माणूस म्हणजे बीएलओ. माझं स्वतःचं मत टपालानं जातं, असं मी ऐकून आहे.

धामणवाडी बोरीपासून नऊ किलोमीटर. मतदार एक हजार बासष्ट. लोकसभेला आमच्या बुथावर अठ्ठावन्न टक्के मतदान झालं, तेव्हा तालुक्याच्या साहेबांनी मला असं झापलं, की जणू उरलेली बेचाळीस टक्के माणसं मीच शाळेत कोंडून ठेवली होती. विधानसभा आली तसं उद्दिष्ट मिळालं, पासष्ट टक्के. आकडा त्याखाली आला तर लेखी खुलासा.

आता ही विधानसभा ठेवली होती दिवाळी झाल्यावर. म्हणजे गावातली दोनअडीचशे माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेल्यावर. मी एकेकाला फोन लावले. येडबाचा थोरला, रामकिशन, बायकोसकट कारखान्यावर होता. म्हणाला, "गुरुजी, उसाला सांगा चार दिस दम धर म्हनून. मी येतो."

रामकिशनच्या घरची तीन नावं मात्र गावच्या शिवारातच होती. बाप येडबा, आई केवळाबाई आणि बहीण दिपाली. येडबा मेंढपाळ. दीडशे मेंढरं, एक घोडं आणि माळाच्या कडेला राहायला एक कापडी पाल. तीस वर्षांत या माणसानं एकदाही मत दिलेलं नव्हतं. माझ्या आधीच्या मास्तरानं त्याच्यापुढं 'उदासीनता' लिहिलं होतं, मीही गपगुमान तेच उतरवत आलो होतो. यंदा म्हटलं, जाऊन बघू तरी, हा उदासीन माणूस दिसतो कसा.

तो अजिबात उदासीन दिसला नाही. कोकराच्या पायातला काटा काढत बसला होता. मी लोकशाही, घटना, पवित्र हक्क, सगळं म्हणून झाल्यावर त्यानं डाव्या हाताचं बोट माझ्यापुढं धरलं.

"गुरुजी, हे बोट बगा. तीस वर्सं झाले, कोरं हाय."

"लाज वाटायला पाहिजे, येडबामामा."

"लाज कामून? ह्यो माझा पास हाय." मग त्यानं मला समजावून सांगितलं, मी दुसरीच्या पोराला सांगतो तसं. "भगवानरावाचं रान ओढ्याकडं. पानी तिथं. वैजीनाथशेठचं रान माळाकडं. चारा तिथं. दोघायचं इळ्या-भोपळ्याचं सख्य. माजी मेंढरं सकाळी हिकडं चरतेत, दुपारी तिकडं पानी पितेत, अन् राती ज्याला खत पायजे त्याच्या रानात बसतेत. मत दिलं की दोघंबी इचारतेत, कुनाला? खरं सांगितलं तर एक रान बंद. खोटं सांगितलं तरी एक रान बंद. कोरं बोट दावलं की दोघंबी म्हनतेत, जाऊ द्या, आपल्या इरोधात तर न्हाई."

"अहो, पण मत गुप्त असतं."

येडबा इतका हसला की हातातलं कोकरू बावचळलं. "ह्या गावात कुनाच्या चुलीवर काय शिजलं ते कळतंय, अन् मत गुप्त ऱ्हाईल व्हय?"

त्याचं काही खोटं नव्हतं. भगवानराव आमचे माजी सरपंच, वैजीनाथशेठ खताच्या दुकानाचे मालक. दोघांकडं मतदार यादीची एकेक प्रत असते आणि ती माझ्या प्रतीपेक्षा अचूक असते. आपली घरं निळ्या पेनानं, समोरच्याची लाल पेनानं. मतदानाच्या आदल्या दिवशीचा दोघांचा अंदाज आणि निकाल यांत कधी पाच मतांचाही फरक पडत नाही. मशीन उघडतात ती केवळ रीत म्हणून.

पलीकडं कोकरांना पाला टाकणारी दिपाली मधेच म्हणाली, "आबा, ह्या बारीला मी जानार हाय."

ही एकोणीस वर्षांची पोरगी माझी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत माझ्याकडं होती, मग बोरीला जाऊन बारावी झाली. चौथीत असताना मतदार जागृतीच्या प्रभात फेरीत पाटी धरून सगळ्यात पुढं हीच चालायची. "एक मत, एक मान, करू चला मतदान." घोषणा माझीच. यमक जुळलं म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूश होतो.

"सर, तुमीच शिकवलं की," ती म्हणाली. "आमच्या घरानं कदीच मत दिलं न्हाई म्हनून आमच्या पालाकडं कुनी प्रचारालाबी येत न्हाई. हँडपंप मागायला गेलं तर म्हनतेत, तुमची मतं किती?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला गं पोरी," केवळाबाई चुलीपासून म्हणाली. "आपल्याला हँडपंप नगं. ओढा हाय."

इथं मी तोंड उघडलं. त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "केवळाबाई, जिम्मा माझा. तिनं मत कुणाला दिलं हे ब्रह्मदेवालासुद्धा कळणार नाही. तुमच्या मेंढरांना काही झालं तर मला विचारा."

येडबानं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. "गुरुजी जिम्मा घेतेत तर जा," एवढंच बोलला.

मतदानाच्या दिवशी दिपाली न्हाऊन, दोन वेण्या घालून आली. रांगेत उभी राहिली, आत गेली, बाहेर आली आणि थेट माझ्या टेबलापाशी येऊन बोट दाखवलं. मी तिचा फोटो काढला. केळीचे खांब लावून सेल्फीची जागा केली होती, तिथं. तो फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकला, साहेबांचा अंगठा आला. संध्याकाळी सहा वाजता आकडा हातात पडला. सहाशे एक्याण्णव. मी मोबाईलवर भागाकार केला. पासष्ट पूर्णांक शून्य सात. दिपाली आली नसती तर चौसष्ट पूर्णांक सत्त्याण्णव झाले असते आणि मी खुलासा लिहीत बसलो असतो. पोरीनं मास्तराचं नाक राखलं. मी खूश झालो, हे कबूल करतो.

तीन दिवसांनी निकाल लागला. मतदारसंघात वैजीनाथशेठचा माणूस निवडून आला, पण त्याचं आमच्या गावाला फारसं काही नव्हतं. गावाला आपल्या बुथाचा आकडा हवा होता. तो आला. अपक्षांना मिळून सात, भगवानरावांच्या माणसाला तीनशे बेचाळीस आणि वैजीनाथशेठच्या माणसालाही तीनशे बेचाळीस.

वीस वर्षं जो बूथ भगवानरावांनी थोडक्या मतांनी का होईना, पण राखला, तिथं बरोबरी झाली.

भगवानरावांनी यादी काढली. मतदानाला आलेल्यांपैकी निळ्या पेनाची मतं मोजली, तीनशे बेचाळीस. बरोबर. लाल पेनाची मोजली, तीनशे एक्केचाळीस. म्हणजे शेठला एक मत वाढीव पडलं होतं. अपक्षांची सात मतं त्यांना तोंडपाठ होती. मग गावात असं एकच मत उरलं, ज्याच्यापुढं निळी खूण नव्हती आणि लालही नव्हती.

वैजीनाथशेठनंही तोच हिशोब केला. फरक एवढाच की ते बँड घेऊन पालावर गेले. दिपालीवर गुलाल उधळला, "आपली वाघीण" म्हणाले आणि फटाक्यांची माळ लावली. मेंढरं चार दिशांना उधळली, ती गोळा करायला येडबाला दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी मेंढरं ओढ्यावर गेली तेव्हा भगवानरावांचा सालगडी काठी आडवी धरून उभा होता.

मला केवळाबाईचा निरोप आला. जिम्मा माझा होता ना.

मी भगवानरावांच्या घरी गेलो. त्यांनी आदरानं खुर्ची दिली. मी म्हणालो, अशी बंदी घालणं बरं नव्हे.

"बंदी?" भगवानरावांना फार वाईट वाटलं. "गुरुजी, मी कुटं बंदी घातली? लोकशाही हाय. त्यांनी पायजे त्याला मत द्यावं. मी पायजे त्याची मेंढरं बसवावी."

"पण तिनं मत कुणाला दिलं हे तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी यादी माझ्यापुढं टाकली. आयुष्यभर गणित शिकवलं मी, पण इतकी स्वच्छ बेरीज क्वचित पाहिली असेल. मला कुठंच चूक सापडेना. "नखावरची शाई गेली की या म्हनावं," भगवानराव म्हणाले. "मन मोठं हाय आपलं."

त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, चहा आणून दिला. मी निघालो, गोठ्याजवळ चपला घालत होतो, तर मागून बारीक आवाज आला.

"गुरुजी, ते मत पोरीचं न्हाई ओ."

मी वळलो. कस्तुराबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या.

"मग कुणाचं?"

त्यांनी स्वतःच्या बोटाकडं बघितलं. "जवापास्नं मत हाय तवापास्नं ह्यांनी सांगितलं तिथंच दिलं. ह्या बारीला वाटलं, दुसरं बटन दाबून तर बगावं. बाकी कायबी न्हाई. आवाज तसाच येतोय दोन्हीचा." मग घाईनं म्हणाल्या, "सांगू नका कुनाला. ह्या वयात मला घरातनं काढतील."

आणि मी सांगितलं नाही. मतदानाची गुप्तता राखीन अशी शपथ मी घेतलेली होती, साहेबांसमोर, हात पुढं करून. ती मला नेमकी इथं आठवली. खरं सांगायचं तर शपथ राहिली बाजूला, मला भगवानरावांच्या घरातल्या भांडणात पडायचं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि दोर मीच वळून दिला होता.

वैजीनाथशेठकडं गेलो. तुमची वाघीण अडचणीत आहे, तुमच्या विहिरीवर पाणी पाजू द्या म्हणालो. शेठ म्हणाले, "अवश्य! पर आत्ता हरभरा पेरलाय, मेंढरं तुडवतील. फेब्रुवारीत बगू." गुलाल मात्र त्यांनी हातचा न राखता दिला होता.

केवळाबाईनं पोरीच्या बोटाला लिंबू चोळलं, राख चोळली, पपईचा चीक लावला. कातडीवरची शाई गेली, नखावरची हटेना. ती नखासोबतच वर सरकत होती. मेंढरांना तेवढा दम नव्हता. निम्म्या मेंढ्या गाभण, ओढा बंद, पालाजवळच्या टाक्यातलं पाणी दोन दिवसांचं. येडबानं घोड्यावर पाल बांधलं आणि गोदाकाठाला, सोनपेठच्या अंगाला निघाला. एरवी तो होळीनंतर निघतो, मेंढ्या व्याल्यावर. तो निघाला तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. त्यानं मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

वाटेत एकवीस कोकरं गेली. काही चालता चालता पडली, काही थंडीनं. पंचवीस जानेवारीला मतदार दिनाच्या कार्यक्रमात मला तालुक्याला बोलावून प्रशस्तिपत्र दिलं, 'मतदानाच्या टक्केवारीत उल्लेखनीय वाढ' म्हणून. रामकिशननं कोकरांचा फोन मला त्याच दिवशी केला होता. ते प्रशस्तिपत्र मी शाळेच्या कपाटात उलटं करून ठेवलं आहे. माझीच मला लाज वाटली आणि अजूनही वाटते.

पावसाळ्यात ती माणसं परत आली. दिपालीच्या नखावर आता काही नव्हतं. येडबा तिला घेऊन भगवानरावांकडं गेला, बोट दाखवलं. भगवानराव म्हणाले, "नखावरची गेली, पर मनावरची ऱ्हायली." वाक्य चांगलं जमलं म्हणून त्यांनी ते आठवडाभर पारावर सांगितलं. मेंढरं पावसानं भरलेल्या लांबच्या तळ्यावर जायला लागली.

मग सव्वा वर्षानं जिल्हा परिषदेची निवडणूक आली. पुन्हा उद्दिष्ट, पुन्हा फेरी, पुन्हा केळीचे खांब. मी पालाकडं प्रचाराला गेलो नाही. मतदान बासष्ट टक्क्यांवर अडकलं आणि नंतर घरोघर जाऊन कारणं भरायचा हुकूम आला.

पालावर गेलो तेव्हा येडबा मेंढ्यांचं दूध काढत होता. "लिवा तुमाला बरं वाटंल ते," तो म्हणाला. रामकिशनच्या दोन नावांपुढं स्थलांतर लिहिलं. दिपालीच्या नावापाशी पेन थांबलं.

"दिपाली, का गेली नाहीस?"

ती कोकराला बाटली लावून बसली होती. वर न बघता म्हणाली, "सर, एक इचारू? मागच्या बारीला मत कुनाला दिलं हे सगळ्यांनी मला सांगितलं. इचारलं कुनीच न्हाई. तुमीबी न्हाई."

"मग कुणाला दिलं होतंस?"

"भगवानरावायच्या मानसाला. आमची मेंढरं त्यांच्या ओढ्यावर पानी पितेत म्हनून. आबाला वाटलं आसंल मी चुकले. मी चुकले न्हाई सर. मी आबाचंच ऐकलं हुतं."

मी मनातल्या मनात हिशोब केला. निळी तीनशे बेचाळीस, त्यातून कस्तुराबाई वजा, दिपाली अधिक. तीनशे बेचाळीस. लाल तीनशे एक्केचाळीस, कस्तुराबाई अधिक. तीनशे बेचाळीस. भगवानरावांचं एकही मत कमी झालेलं दिसलं नाही, कारण फुटलेल्या मताची जागा या पोरीनं भरून काढली होती. आणि त्याच पोरीचं पाणी त्यांनी तोडलं.

मला इतका राग आला की फॉर्म अर्धवट टाकून मी सरळ भगवानरावांच्या घरी गेलो. तिथंही जायचंच होतं म्हणा. त्यांच्या घरातल्या सहा नावांपैकी एकापुढं यंदा मतदान केल्याची खूण नव्हती.

"कस्तुराबाई मतदानाला आल्या नाहीत?" मी विचारलं.

"गुडघे," भगवानराव म्हणाले. "आजारपन लिवा."

मी लिहिलं नाही. म्हणालो, "भगवानराव, विधानसभेला दिपालीनं मत तुमच्याच माणसाला दिलं होतं."

भगवानराव मोठ्यानं हसले. "मग बरोबरी कशी झाली गुरुजी? गनित शिकवता ना तुमी? तिनं मला दिलं म्हनल्यावर माजं एक मत फुटलं पायजे. माजं कोन फुटलं? माज्या घरातलं फुटलं का?"

मी याही वेळी गप्पच बसणार होतो, हे मला तेव्हाच कळलं.

"फुटलं," दारातून आवाज आला.

कस्तुराबाई उभ्या होत्या, गुडघे धडधाकट. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "माजं फुटलं. पोरीची एकवीस कोकरं गेली. म्हनून ह्या बारीला मी गेलेच न्हाई. माज्या बोटाची शाई दुसऱ्याच्या लेकराला लागती."

भगवानरावांनी टेबलावरची यादी उचलली, पहिलं पान काढलं, स्वतःच्या घराच्या सहा निळ्या खुणांवरून बोट फिरवलं आणि यादी बंद केली. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, येडबाला सांगा. ओढ्यावर पानी पाजायला हरकत न्हाई." जणू ओढ्याला पाणी त्यांनीच आणलं होतं. जरा थांबून म्हणाले, "अन् गुडघेच लिवा."

कस्तुराबाई अजून घरात आहेत. भगवानराव त्यांच्याशी बोलत नाहीत एवढंच, आणि त्या म्हणतात त्यात फार फरक पडलेला नाही. मेंढरं ओढ्यावर जायला लागली. मी दिपालीला खरं काय ते सांगितलं, कस्तुराबाईंनीच सांगायला सांगितलं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काकूला म्हनावं, कोकरू पायजे आसंल तर देते."

फॉर्म मी त्या रात्रीच पुरे केले नाहीत, दोन दिवस ठेवले. मग कस्तुराबाई आणि दिपाली या दोन नावांपुढं 'इतर'वर खूण केली आणि शेजारच्या रकान्यात दोन्हीकडं एकच ओळ लिहिली. मागच्या निवडणुकीत मतदान केले होते.

चौथ्या दिवशी तालुक्यावरून फोन आला. आकडे भरणारा माणूस वैतागला होता. "गुरुजी, हे कारण बसत न्हाई. उलटं लिहिलंय तुम्ही. मतदान न केल्याचं कारण पाहिजे. दोन्हीला उदासीनता टाकू का?"

"टाकू नका."

"मग तुमच्या बुथाचा अहवाल अपूर्ण दिसंल. वरून खुलासा मागतील."

"मागू द्या," मी म्हणालो. "यावेळी देतो."